काटा शंभरावर, मन ऐंशीवर

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं, भुईंज मागं पडलं, सुरूर मागं पडलं, की खंबाटकीचा डोंगर आडवा येतो. पुण्याहून येणाऱ्या गाड्या जुन्या घाटाने चढतात आणि पुण्याला जाणाऱ्या बोगद्यातून जातात. बोगदा संपला की खंडाळ्याच्या अंगाला उतार लागतो. पाय ॲक्सिलरेटरवर नसला तरी गाडी वेग धरते, आणि नेमका त्या उतारावर रस्ता एकदा एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला वळतो. इंग्रजी ‘एस’सारखा आकार, म्हणून सगळे त्याला ‘एस कॉर्नर’ म्हणतात. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे कर्नाटकातल्या विजापूर भागातल्या मजुरांना घेऊन निघालेली गाडी इथं उलटली आणि १८ जणांचा जीव गेला. त्याआधीही इथं माणसं गेली होती, नंतरही गेली. शेवटी खंबाटकीच्या पोटातून तीन-तीन पदरी दोन नवे बोगदे काढायचं काम सरकारने हाती घेतलं. ६.४३ किलोमीटरचा प्रकल्प, खर्च सुमारे ९२६ कोटी रुपये. घाटातला वेळ वाचवणं हा त्याचा एक हेतू आणि हे वळण टाळणं हा दुसरा. वेगमर्यादेची पाटी लावून जे साधलं नाही, ते डोंगर फोडून साधायचं.

पाटी वाचूनही गाड्या त्या वळणावर जोरात का येतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही. गाडी पळवणारा माणूस माजलेला किंवा प्यालेला असतो, अशी आपली एक सोपी समजूत आहे. तसे असतातच. सातारा-सांगलीत बुंगाट गाडी सोडणाऱ्या पोरांची वाण नाही. पण साताऱ्याजवळच्या शेंद्र्याच्या पुढं उभं राहून तासभर गाड्या बघितल्या, तर मर्यादेपुढं जाणाऱ्यांत बायकोमुलांना घेऊन देवाला निघालेला शिक्षक दिसतो, दवाखान्यातून आईला घेऊन परतणारा मुलगा दिसतो. यातल्या कुणालाच मरायचं नसतं, मारायचंही नसतं. बहुतेकांना आपण जोरात चाललोय हेच कळलेलं नसतं.

हे न कळणं खरं आहे, ती सबब नाही. वेग मोजायला आपल्या शरीरात काटा नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे, तिला वेगातला बदल कळतो. गाडी सुटताना मागं ढकलल्यासारखं होतं आणि ब्रेक दाबला की पुढं, ते तिच्यामुळं. वेग एकसारखा राहिला की ती गप्प बसते, मग तो ४० असो की १२०. उरतात डोळे. डोळ्यांना वेग कळतो तो जवळच्या वस्तू किती झपाट्याने मागं पळतात त्यावरून. वाई-सुरूर रस्त्यावरच्या जुन्या वडांच्या कमानीखालून गाडी चालवून बघा. खोडं इतकी जवळून जातात की पन्नासलासुद्धा आपण पळतोय असं वाटतं. तीच गाडी महामार्गावर आणा. दुतर्फा मोकळं रान, झाडं लांब, दुभाजक रुंद, पुढं दोन किलोमीटर रस्ता ताणलेला. शंभरला गाडी रांगतेय असं वाटू लागतं. त्यात हल्लीच्या मोटारी काचा लावून बंद, आत गार हवा, इंजिनाचा आवाज नाही की वाऱ्याचा नाही. जुनी जीप सत्तरच्या पुढं गेली की पत्रा थडथडायचा आणि तेवढ्याने चालकाला खबर मिळायची. त्या थडथडाटाचं एक काम होतं, हे तो बंद झाल्यावर कळलं. (याचा अर्थ वड रस्त्याच्या कडेलाच हवेत असा नाही. सुटलेल्या गाडीला वडाचं खोड भिंतीसारखंच लागतं. पण रुंदीकरणाचा आराखडा करताना झाड डोळ्यांना काय सांगत होतं, एवढा तरी विचार व्हावा.)

यावर आणखी एक गोष्ट होते, ती सवयीची. अर्धा तास शंभरने चालवून माणूस फाट्यावरून गावाच्या रस्त्याला लागला, की साठ त्याला बैलगाडीसारखे वाटतात. त्याला मनापासून वाटतं, आपण चाळीसवर आलोय. काटा साठ दाखवत असतो. एस कॉर्नरवरचा अपघात तिथल्या वळणापासून सुरू होत नाही, तो कित्येक किलोमीटर आधी सुरू झालेला असतो. मोठ्या रस्त्याने सगळा वेळ ‘ये, बिनधास्त ये’ म्हणायचं आणि एका वळणावर अचानक ‘थांब’ म्हणायचं, हे माणसाच्या मेंदूला झेपत नाही.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात डेन्टन नावाच्या संशोधकाने याच फसगतीचा उलटा उपयोग केला. मोठ्या रस्त्याच्या शेवटी, चौकाच्या अलीकडे, रस्त्यावर आडव्या पिवळ्या पट्ट्या रंगवल्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर चौकाकडे जाताना कमी कमी होत जातं. एकाच वेगाने जाणाऱ्या चालकाला वाटतं, पट्ट्या आता लवकर लवकर येऊ लागल्या, म्हणजे आपला वेग वाढला. पाय आपसूक ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. नुसता रंग, पण गणित करून लावलेला. आपल्याकडं फाट्यांच्या अलीकडं जाड पांढऱ्या पट्ट्या मारतात, ज्यांना सगळे रंबलर म्हणतात. त्या बहुधा सारख्या अंतरावर असतात. गाडी दणादण वाजते, आतले लोक कपाळाला आठ्या घालतात, आणि रोजचा चालक त्या जरा जोरातच पार करतो, कारण जोरात गेलं की दणके कमी लागतात हे त्याला कळलेलं असतं.

आता वेळेचं बघू, कारण विचारलं तर प्रत्येक जण ‘उशीर झाला होता’ हेच सांगतो. सांगली ते सातारा, पेठ नाक्यावरून, धरा १२० किलोमीटर. सगळा रस्ता ऐंशीने काटला तर दीड तास लागतो. सगळा रस्ता शंभरने काटला तर ७२ मिनिटं. वाचली १८. पण सगळा रस्ता शंभरने कुणी काटत नाही. सांगली-पेठ रस्त्यावर गावं आहेत, कराडला गर्दी आहे, तासवड्याला टोल आहे, शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाने जागोजाग वळवलेला रस्ता आहे. तिथं ऐंशीवाला आणि शंभरवाला एकाच रांगेत उभे असतात. हाती राहतात सात-आठ मिनिटं. त्यासाठी इंजिनाला हवेशी दीडपट झुंजावं लागतं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ऐंशीला जेवढा, त्याच्या १.५६ पट शंभरला. डिझेल उगाच जळतं.

ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की वाचणाऱ्या वेळेचा अंदाज बांधताना माणूस ठरावीक पद्धतीनेच चुकतो. दहा किलोमीटरच्या रस्त्यावर ३० ऐवजी ४० ने गेलं तर पाच मिनिटं वाचतात. त्याच दहा किलोमीटरवर १०० ऐवजी १२० ने गेलं तर एक मिनिट वाचतं. आपल्याला मात्र दुसऱ्यात जास्त कमाई झाल्यासारखी वाटते, कारण तिथं जीव मुठीत धरून काहीतरी केलेलं असतं. सांगलीहून साताऱ्याला लवकर पोचायचं असेल, तर खरा वेळ गावातल्या कोंडीत, खड्ड्यांत आणि टोलच्या रांगेत अडकलेला आहे. तो सोडवणं चालकाच्या हातात नाही, म्हणून तो मोकळ्या रस्त्यावर भरून काढायला बघतो.

त्या मोकळ्या रस्त्यावर मिनिटं थोडी वाचतात, पण अंतरं किती वाढतात ते मला सविस्तर सांगायचं आहे. शाळेत शिकलेलं गणित पुरे आहे. समोर काही आडवं आलं, ते दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी आपल्या वेगाने चाललेलीच असते. मग ब्रेक लागतो आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरची मोटार हळूहळू थांबते. ६० च्या वेगाला हे सगळं मिळून ४५ मीटर लागतात. ८० ला ६८. १०० ला जवळजवळ ९७. १२० ला १२९, म्हणजे क्रिकेटच्या मैदानाची एक कड सोडून दुसऱ्या कडेजवळ.

आता उंब्रजजवळ दोन मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत असं धरा. एक ८० ने, एक १०० ने. दोघांनाही एकाच क्षणी ६८ मीटरवर रस्ता ओलांडणारी बाई दिसते. दोघंही सारखेच जागे, ब्रेकही सारखेच. ८० ची गाडी त्या बाईच्या पदराजवळ येऊन थांबते. १०० ची गाडी त्याच ठिकाणी आली तेव्हा तिचा वेग किती असेल? बहुतेक लोक वीस म्हणतात. शंभरातून ऐंशी गेले, वीस उरले. खरं उत्तर सत्तरच्या वर आहे. काट्यावरचे ते वरचे वीस किलोमीटर आपल्याला किरकोळ वाटतात, पण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेकला शोषून घ्यायची ऊर्जा दीडपटीहून जास्त झालेली असते आणि विचार करण्यातच आठ मीटर जादा निघून गेलेले असतात. पायी चालणाऱ्याला धडक बसताना गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला, तर मरणाची शक्यता साडेचार पट होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सत्तरच्या धडकेत काय होतं हे वेगळं सांगायला नको.

ऊसतोडणी सुरू झाली की सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत हेच गणित अंधारात मांडावं लागतं. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, क्रांती, सोनहिरा, अजिंक्यतारा, किसन वीर: कारखान्यांची नावं घेत गेलं तर सगळा नकाशा भरतो. प्रत्येकाच्या वाटेवर रात्रभर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर चाललेले असतात. वेग वीस-पंचवीस. मागचा दिवा असला तर असतो, नसला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. मागून शंभरने येणाऱ्या मोटारीच्या दृष्टीने ती ट्रॉली ताशी ७५ किलोमीटरने तिच्याकडं चालून येते. खाली पाडलेल्या उजेडात ती चाळीस मीटरवर दिसली, तर हातात दोन सेकंद असतात. दीड सेकंद ओळखण्यातच जातो. ट्रॉलीला मागून परावर्तक कापड लावणं, तेही उसाच्या वाढ्यांच्या बाहेर लोंबेल असं, हा कारखान्याच्या गेटवर पाच मिनिटांत होणारा उपाय आहे, आणि दर हंगामात त्यासाठी मोहिमा निघतातही. पण कापड दिसून उपयोग व्हायचा, तर मोटारवाल्याने आपल्या दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायला हवा. रात्रीचा वेग दिवसाच्या वेगाएवढाच ठेवणं ही आपल्याकडची अगदी सज्जन माणसांचीसुद्धा चूक आहे.

स्वीडनच्याच गोरान निल्सन यांनी रस्त्यांवरचे आकडे तपासून एक ठोकताळा मांडला: एखाद्या रस्त्यावरचा सरासरी वेग जितक्या पटीत बदलतो, त्याच्या चौथ्या घातात जीवघेणे अपघात बदलतात. म्हणजे सरासरी वेग फक्त ५ टक्के उतरला, शंभराचा पंचाण्णव झाला, तर असे अपघात जवळजवळ एक पंचमांशाने घटतात. मला यात मोठा दिलासा वाटतो. कुणाला रांगायला सांगायचं नाही. सगळ्यांनी मिळून थोडं, अगदी थोडं खाली यायचं आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात, आणि केंद्र सरकारच्या अहवालाने देशातल्या या मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर टाकले आहेत. पोलीस पंचनाम्यात ‘अतिवेग’ हा शब्द कधीकधी सोयीसाठीही पडतो, रस्त्याची चूक त्याखाली झाकली जाते. तरी त्यातला मोठा हिस्सा खराच आहे.

सगळेच न कळून वेगात जातात असंही नाही. काहींना वेगाचे पैसे मिळतात. कराड-पाटण, विटा-तासगाव, मिरज-कवठेमहांकाळ अशा वाटांवर वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, चालते. वडापच्या चालकाला पगार नसतो, जेवढ्या खेपा तेवढी कमाई. पुढच्या थांब्यावर दुसरी गाडी आधी पोचली तर तिथली शिटं तिची. मग तो गाडी ताणतो, आणि शीट दिसलं की कचकन ब्रेक मारतो. उसाच्या वाहतुकीत टनावर पैसे. भाजीचा पिकअप पुण्याच्या मार्केट यार्डात लिलावाच्या आत लागला नाही तर माल पडून राहणार. या चालकांना नीतीचे धडे देऊन काही होत नाही, कारण त्यांच्या वेगाची किंमत कुणीतरी दुसरा मोजत असतो: मालक, अडत्या, कारखाना, आणि लवकर पोचायची घाई असणारे आपण.

पैशाच्या या हिशोबाचं सगळ्यात घातक रूप उतारावर दिसतं. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकतात, काही तर इंजिनच बंद करतात. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला धरून ठेवत असतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, तापले की पकड सोडतात. हवेवर चालणाऱ्या ब्रेकला दाब देणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन बंद असेल तर चार-सहा वेळा दाबल्यावर ब्रेक रिकामा होतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, एका अवजड गाडीने समोरच्या मोटारींची रांगच ठोकरली. उतारावर इंजिन बंद केल्याची गोष्ट तेव्हा तपासात पुढं आली होती. सातारा-सांगलीच्या माणसाला पुण्यात शिरताना हाच उतार लागतो.

आणि मग पोरं. त्यांच्याबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण त्यांच्याबद्दलच सगळे लिहितात. या मुलखाला शर्यतीचा नाद जुना आहे. बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठावी म्हणून इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला आणि १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण शर्यतीला मैदान असतं, ज्याची त्याची चाकोरी ठरलेली असते, मध्ये कुणी येत नाही. महामार्गावर प्रत्येक जण प्रत्येकाच्या चाकोरीत असतो. पोराला वाटतं, आपला हात बसलाय. तसं वाटणारा तो एकटा नाही. स्वेन्सन यांनीच १९८१ साली अमेरिकी आणि स्वीडिश चालकांना विचारलं, तुमचं कसब सरासरीपेक्षा बरं आहे का? अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. हा समज मोडणं अवघड आहे, कारण रस्ता रोज त्याला दुजोरा देतो. हजार वेळा शंभर-एकशेदहाने गेलो, काही झालं नाही. हजार वेळा काही न होणं हाच धडा मनात बसतो, आणि एक हजार एकावी वेळ शिकवायला माणूस उरेलच असं नाही.

३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी मिरज-पंढरपूर रस्त्यावर, सांगोला तालुक्यातल्या जुनोनीजवळ, कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार शिरली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जठारवाडीचे ७ वारकरी गेले. तो रस्ता रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा झाला आहे. चौपदरी, सरळ, दुष्काळी माळातून जाणारा, अगदी डोळ्यांना ‘ये’ म्हणणारा. त्याच वाटेने माणसं कितीतरी पिढ्या पंढरीला पायी जात आली आहेत. रस्ता रुंद केला तेव्हा मोटारीचा वेग वाढवला, पण पायी चालणारा माणूस ताशी चार किलोमीटरवरच राहिला. वेगमर्यादा आणि वेग यांतला फरक आपण मोजतो. माझ्या मते रस्त्यावरच्या सगळ्यात जलद आणि सगळ्यात सावकाश माणसातला फरक जास्त मोजायला हवा. तो जिथं जास्त, तिथं एकतर दोघांच्या वाटा वेगळ्या करायच्या किंवा मोटारीला खाली उतरवायचं. तिसरी वाट नाही. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत दिंडीच्या मागं-पुढं दिवे लावलेली गाडी असावी, ती बाजू काही काळ मोटारींना बंद असावी. पालखी सोहळ्यासाठी लोणंद-फलटण वाटेवर पोलीस वाहतूक वळवतातच. लहान दिंड्यांना तो बंदोबस्त मिळत नाही.

मग वेग उतरवायचा कसा? पहिलं म्हणजे पाटी खरी असली पाहिजे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारीला जास्तीत जास्त १००, बसला ९०, मालट्रकला ८० आणि मोटारसायकललाही ८० अशी मर्यादा घातली. तिच्या खाली स्थानिक मर्यादा असतात. काम चालू असताना लावलेली ‘३०’ची पाटी काम संपून वर्ष झालं तरी तिथंच असते. सगळे तिच्यापुढून ऐंशीने जातात आणि काही होत नाही. चालक त्यातून शिकतो की पाटी नुसती लावलेली असते. पुढं एस कॉर्नरवर खरी पाटी येते, तेव्हा ती त्याच मागच्या पाटीसारखी दिसते. खोट्या पाट्या काढणं हे नव्या पाट्या लावण्याइतकंच मोठं काम आहे आणि त्याला बजेट लागत नाही.

गतिरोधकाचंही तसंच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे ताशी २५ ने जाणाऱ्याला तो अलगद उचलतो आणि जोरात जाणाऱ्यालाच आपटतो. आपल्या गावांत अपघात झाला की रातोरात जो उंचवटा घातला जातो, तो हातभर रुंद आणि घोट्याएवढा उंच असतो, रंग नाही, पाटी नाही. रात्री मोटारसायकलच्या मागं बसलेली बाई त्यावरून उडून पडते. लोकांचा राग मला कळतो, त्यांच्या गावचं कुणीतरी गेलेलं असतं. म्हणूनच तो राग ग्रामसभेच्या ठरावात उतरून बांधकाम विभागाकडून मापात गतिरोधक घालून घेण्यापर्यंत जायला हवा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक चालत नाहीत. तिथं फाट्यांवर भुयारी मार्ग, बंद केलेले बेकायदा कट आणि नीट मारलेल्या पट्ट्या हेच उपाय.

दंडाबद्दल आपल्याकडं एक चुकीची मागणी आहे: दंड वाढवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या गाडीला १,००० ते २,००० आणि जड गाडीला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. तो पुरेसा आहे. इटलीच्या बेकारियाने १७६४ साली लिहून ठेवलं होतं की शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिच्या अटळपणाचा धाक मोठा असतो. महामार्ग पोलिसांची स्पीडगन असलेली गाडी कुठं उभी आहे, हे समोरून येणारे चालक डिपर मारून एकमेकांना सांगतात. दोन किलोमीटर सगळे सभ्य होतात, मग पुन्हा सुटतात. चलनाचा मेसेज नंतर केव्हातरी येतो, रक्कम थकते, लोकअदालतीत सूट मिळते. मूल आज खोडी काढतं आणि रागावणं महिन्याने ऐकतं, अशाने कुणाला वळण लागत नाही. यावर चांगला तोडगा म्हणजे दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणं. पहिल्या कॅमेऱ्याखालून किती वाजता गेलात, दुसऱ्याखालून किती वाजता, मधलं अंतर भागिले वेळ. मध्ये कुठं ब्रेक मारून उपयोग नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. त्याआधी, २०१६ पासून, तिथं सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून अपघाताच्या जागा एकेक करून दुरुस्त केल्या: उघडे खांब झाकले, कठडे बसवले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले. २०१६ मध्ये तिथं १५१ माणसं गेली होती, पुढच्या चार वर्षांत हा आकडा शंभराच्या खाली आला. आनेवाडी आणि तासवडे हे दोन टोलनाके आमच्याच सातारा जिल्ह्यात, दोन्हीकडं फास्टॅगमुळं गाडीची वेळ सेकंदासकट नोंदली जाते. ती नोंद मुख्यतः पैसे कापायला वापरतात; तिच्यातून दोन नाक्यांमधला सरासरी वेगही काढता येईल.

कौतुकानेही काम होतं. स्टॉकहोममध्ये २०१० साली एका कॅमेऱ्याखाली मर्यादेत जाणाऱ्यांची नावं सोडतीत घातली आणि दंडाच्या पैशातून बक्षीस दिलं. तिथला सरासरी वेग ३२ वरून २५ वर आला. आपल्या एसटीत विनाअपघात सेवा केलेल्या चालकाचा सत्कार होतो आणि तो बिल्ला तो चालक किती जपतो, हे ज्यांच्या घरी एसटीचा माणूस आहे त्यांना माहीत आहे. दूध संघ, कारखाने, वाहतूकदार यांनी खेपांबरोबर हेही मोजायला काय हरकत आहे?

सगळ्यात जवळचा वाटतो तो उपाय मात्र केनियातला. तिथं मटाटू नावाच्या खासगी प्रवासी गाड्या चालतात. खेपांवर कमाई, पुढच्या थांब्यासाठी स्पर्धा, आपलं वडापच. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या हब्यारिमाना आणि जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी काही मटाटूंच्या आत स्टिकर चिकटवले. चालकाला उद्देशून त्यात काहीच नव्हतं, ते प्रवाशांसाठी होते: गाडी जोरात असेल तर गप्प बसू नका, बोला. पहिल्या प्रयोगात त्या गाड्यांचे विम्याचे दावे निम्म्याहून खाली आले, नंतरच्या मोठ्या प्रयोगातही चौथ्या हिश्श्याहून जास्त घट राहिली. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर असतो, पण आतल्या बारा-पंधरा जणांचा जीवही त्याच गाडीत असतो, आणि त्यांनी तोंड उघडलं की खेपेचा हिशोब बदलतो.

आपल्या वडापमध्येही कुणालातरी बोलायचं असतं. मागच्या बाकावरची म्हातारी दांडी घट्ट धरून बसलेली असते, कॉलेजची पोरगी शेजारणीकडं बघते, आणि सगळे पहिला कोण बोलतो याची वाट बघतात. साताऱ्याला एमएच ११, कराडला एमएच ५०, सांगलीला एमएच १०. या तिन्ही ठिकाणी प्रवासी गाड्या पासिंगला येतात. तिथंच प्रत्येक गाडीत, चालकाच्या पाठीमागं, शिटांकडं तोंड करून, मोठ्या अक्षरांत एक स्टिकर लावता येईल. मजकूर साधा ठेवायचा, जो ती म्हातारी एरवी नातवाला म्हणते: ‘आरं, जरा दमानं घे.’